गाडीचे फेरफार : दुर्मीळ मोटारींच्या जुन्या मालकांचा शोध

ऑटावातल्या कॅनेडियन वॉर म्युझियमकडे १९७० मध्ये एक भलीमोठी काळी मर्सिडीज ७७० आली. १९४५ मध्ये अमेरिकन सैनिकांनी ती लाउफेनजवळ ताब्यात घेतली होती. युद्धातली लूट म्हणून ती अमेरिकेत गेली, लिलावात विकली गेली आणि कॅनडातल्या संग्राहकांच्या हातून संग्रहालयात पोचली. या सगळ्या प्रवासात तिच्यासोबत एक नाव चालत आले होते, हिटलरचा सहकारी हर्मान गोअरिंगचे. संग्रहालयात काम करणारे ग्रंथपाल लुडविग कोशे यांना ते पटेना. कारखान्याच्या नोंदी, गाडीवरचे क्रमांक आणि युद्धकाळातली छायाचित्रे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिली. गाडी १९४० मध्ये राइश चान्सलरीकडे, म्हणजे हिटलरच्या ताफ्यात गेली होती, असे त्यातून सिद्ध झाले. पस्तीसएक वर्षे सर्वांनी खरे मानलेले नाव चुकीचे निघाले. ही चूक कुणी खोटेपणाने केलेली नव्हती, प्रत्येकाने आधीच्याचे ऐकून पुढच्याला सांगितले होते.

दुर्मीळ मोटारीचे जुने मालक शोधण्याचे काम म्हणजे हेच. कारखान्याच्या दारातून गाडी बाहेर पडली, तेव्हापासून आजपर्यंत ती कुणाकुणाकडे होती, याची साखळी जुळवायची. जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळेल. सातबारा आजचा कब्जेदार सांगतो, पण जमीन त्याच्याकडे कशी आली हे फेरफार सांगतात. मोटारीच्या बाबतीत सातबारा बहुधा हाती असतो. हरवलेले असतात ते फेरफार.

नोंदींचा उगम

मोटारीला क्रमांक देण्याची सक्ती आणि मालकाचे नाव वहीत लिहिण्याची पद्धत एकाच वेळी सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९०३ चा मोटर कार कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलात आला आणि नोंदणीचे काम स्थानिक कौन्सिलांकडे गेले. मुंबई इलाख्यात १९०४ मध्येच मोटारींचा कायदा झाला, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारा कायदा १९१४ मध्ये आला, पुढे १९३९ आणि १९८८ चे कायदे आले. या वह्या कर आणि पोलिसांसाठी होत्या. शंभर वर्षांनी कुणी त्यांच्यातून इतिहास शोधेल, असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. त्यामुळे काम संपले की वही रद्दीत जाणे स्वाभाविकच होते.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात नोंदणी स्वान्सीच्या केंद्रीय कार्यालयात नेली, तेव्हा अनेक कौन्सिलांनी जुन्या वह्या नष्ट केल्या. ज्या वाचल्या त्यांतल्या पुष्कळशा किटहेड ट्रस्ट या संस्थेने आणि स्थानिक अभिलेखागारांनी सांभाळल्या. तिथे आजही जुन्या गाडीला तिचा मूळ क्रमांक परत मिळवायचा असेल, तर जुने लॉगबुक किंवा अशा वहीतली नोंद पुढे करावी लागते. एका वाचलेल्या वहीची किंमत त्यावरून कळते.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण आपल्या गाड्या जागच्या जागी उभ्या असतानाही त्यांच्याभोवतीच्या सीमा बदलत गेल्या. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी ही संस्थाने १९४८-४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव-धारवाड म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा हैदराबाद राज्यातून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले. गोव्यातल्या गाड्यांचे कागद १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालचे होते. औरंगाबादला १९३८ साली घेतलेल्या मोटारीचा माग काढायचा तर पहिली नोंद निजामाच्या राज्यात, दुसरी मुंबई राज्यात आणि तिसरी महाराष्ट्रात शोधावी लागते. १९८९ पासून देशभर राज्यांची दोन अक्षरी चिन्हे आली, एमएच त्यांतलेच. पुन्हा नोंदणी होऊन नवा क्रमांक बसला की जुनी पाटी उतरली, आणि तिच्यासोबत जुन्या वहीकडे जाणारा धागाही गेला.

कागद कुठे सापडतात

सरकारी वहीपेक्षा कारखान्याचा कागद अधिक टिकला, असे एकंदरीत दिसते. रोल्स-रॉईसने प्रत्येक चासीसाठी कार्ड ठेवले होते. ऑर्डर कुणाची, बॉडी कुणी बांधली, स्प्रिंगा कशा, गाडी कुठल्या हवामानासाठी, हे सारे त्यात असे. ही कार्डे आज इंग्लंडमध्ये पॉलर्सपरीच्या हंट हाउसमध्ये आहेत. हिंदुस्थानात आलेल्या गाड्यांच्या शोधाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. पण कारखान्याला पहिल्या मालकाशी आणि हमीच्या काळाशी मतलब होता. चौथ्या-पाचव्या मालकाचे नाव त्याला कळण्याचे कारणच नव्हते.

मग शोधणारा गाडीकडे वळतो. त्या काळी कारखाना चासी आणि इंजिन देई, वरची बॉडी वेगळा कोचबिल्डर बांधे. लंडनचे बार्कर, थ्रप अँड मॅबर्ली, गर्नी नटिंग हे त्यांतले मोठे होते. कलकत्त्याचे स्टुअर्ट आणि मद्रासचे सिम्प्सन हे आपल्याकडचे. त्यांची पितळी पट्टी दाराच्या उंबऱ्यावर असते, आणि कामाचा क्रमांक अनेकदा सीटखालच्या लाकडावर सापडतो. रंग खरवडताना खालचे थर दिसतात आणि कधी दारावर संस्थानाचे चिन्ह उमटते. गाडी पेंटला देण्यापूर्वी हे थर छायाचित्रात टिपून ठेवणारा मिस्तरी भेटला, तर त्याचे उपकार मानावेत. एकदा रंगाचा हात फिरला की तो पुरावा परत मिळत नाही.

यापलीकडे आरसी बुकातल्या ट्रान्सफरच्या नोंदी, कराच्या पावत्या, विम्याचे कागद, दुसऱ्या महायुद्धातल्या पेट्रोल रेशनिंगची कागदपत्रे, दरबारी हिशेबवह्या, लग्नाचे आणि मिरवणुकीचे फोटो असतात. फोटोत नंबरप्लेट वाचता येत असेल, तर तो एक फोटो दहा आठवणींना पुरून उरतो.

हिंदुस्थानी मोटारींच्या इतिहासात मुंबई-कोल्हापूर रस्त्याला मानाचे स्थान आहे. रोल्स-रॉईसची एक सिल्व्हर घोस्ट १९०८ मध्ये मुंबईत आली आणि सह्याद्रीचे घाट ओलांडणाऱ्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत तिने नाव कमावले. त्यानंतर ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली आणि ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणून ओळखली गेली. पहिला मालक आणि गाडीचे टोपणनाव, दोन्ही इथे नीट कळतात. फार थोड्या गाड्यांची सुरुवात इतकी स्पष्ट असते.

गाडी म्हणजे नेमके काय?

मालकांची साखळी जुळवताना आधी ठरवावे लागते की ही साखळी कशाची आहे. चासीची, इंजिनाची, बॉडीची, की नावाची? या प्रश्नावर जाणकारांत खरा मतभेद आहे.

एक मत क्रमांकाला प्रमाण मानते. चासीवर ठोकलेला नंबर हीच गाडीची ओळख, बाकीचे भाग येतात-जातात. दुसरे मत वस्तूला प्रमाण मानते. मूळ लोखंड, मूळ लाकूड, मूळ पत्रा किती उरला त्यावर ओळख ठरते, आणि नवी चासी बनवून तिच्यावर जुना नंबर ठोकला तर ती जुनी गाडी होत नाही. तिसरे मत अखंडतेला प्रमाण मानते. भाग बदलले तरी गाडी कधी नाहीशी झाली नसेल, दोन गाड्यांत विभागली नसेल आणि एकामागून एक माणसांनी तिला तीच गाडी म्हणून वापरले असेल, तर ती तीच.

तिसऱ्या मताला १९९० मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात बळ मिळाले. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मॉन्सची शर्यत जिंकलेली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला तिला अपघात झाला, त्यात क्लाइव्ह डनफी हा चालक मरण पावला, पुढे तिला नवी बॉडी बसली. तिचा सौदा १ कोटी पौंडांना ठरला आणि खरेदीदाराने माघार घेतली, कारण १९२९ च्या गाडीतले फारसे काही तिच्यात उरले नव्हते. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की ही मूळ स्थितीतली गाडी नाही, पण हीच खरी ‘ओल्ड नंबर वन’ आहे, कारण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही. मालकांच्या साखळीला एवढे वजन देणारा दुसरा निकाल माझ्या पाहण्यात नाही. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ या दोन शब्दांतला फरकही त्याने कायमचा दाखवून दिला.

वस्तूला प्रमाण मानणाऱ्यांची बाजूही कमकुवत नाही. बुगाटीच्या टाइप ५७ एससी अटलांटिक चारच बनल्या. त्यांतली एक १९५५ मध्ये फ्रान्समध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीखाली आली आणि मालक आणि त्याची सोबतीण दोघेही गेले. उरलेल्या अवशेषांतून ती पुन्हा उभी केली गेली. तिच्या मालकांची यादी पूर्ण आहे, पण त्या यादीच्या टोकाला उभी असलेली वस्तू किती जुनी आणि किती नवी, हा प्रश्न यादीने सुटत नाही. आणखी एक, म्हणजे जाँ बुगाटीची काळी गाडी, युद्धाच्या सुरुवातीला बोर्दोकडे पाठवायच्या गाड्यांच्या यादीत दिसते आणि तिथून नाहीशी होते. तिचा नंबर सर्वांना पाठ आहे. उद्या कुणी त्या नंबरचा चासीचा तुकडा घेऊन आले, तर क्रमांकवाद्यांनी काय म्हणायचे?

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये तुरीन सनद स्वीकारली. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा विचार तिच्यात मोटारींना लावला आहे. गाडीतले बदलही तिच्या इतिहासाचा भाग आहेत, आणि दुरुस्ती करताना काय बदलले ते लिहून ठेवावे, असा तिचा रोख आहे. ही सनद मतभेद मिटवत नाही, पण वाद घालायला समान भाषा देते.

आठवणींची किंमत

कागद नसतो तिथे माणसे असतात. जुना ड्रायव्हर, गॅरेजवाला, राजवाड्यातला कारभारी, शेजारी. त्यांच्या सांगण्यावर किती विसंबायचे, यावर दोन टोकांची मते आहेत. कागदवाले म्हणतात, आठवण म्हणजे पुरावा नव्हे. दुसरे म्हणतात, आपल्या देशात कागद इतके गेले आहेत की आठवणी टाकल्या तर हाती काहीच उरणार नाही.

कागदवाल्यांच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण ‘ब्लू ट्रेन’ बेंटलीचे आहे. मार्च १९३० मध्ये बेंटली कंपनीचे अध्यक्ष वुल्फ बार्नाटो यांनी कानहून लंडनपर्यंत ब्लू ट्रेन या आगगाडीला हरवायची पैज लावली आणि जिंकली. पुढची कित्येक दशके गर्नी नटिंगने बांधलेली देखणी उतरत्या पाठीची कूपे हीच ती गाडी मानली गेली. चित्रांत तीच, पुस्तकांत तीच. नोंदी तपासल्यावर दिसले की ती कूपे बार्नाटोंच्या हाती मे महिन्यात आली, म्हणजे शर्यतीनंतर. पळाली होती ती एच. जे. मुलिनरने बांधलेली साधी सलून. एक तारीख पाहिली असती तर गोंधळ झालाच नसता.

आपल्याकडची दोन उदाहरणे याच जातीची आहेत. रोल्स-रॉईसच्या शोरूममध्ये अपमान झालेल्या महाराजांनी गाड्या घेऊन त्यांना कचरा वाहायला लावले, ही गोष्ट अलवरची म्हणून सांगतात, भरतपूरची म्हणून सांगतात, पटियाळा आणि हैदराबादच्या नावानेही सांगतात. एकच प्रसंग चार दरबारांत घडल्याचे सांगितले जाते, तेव्हा गाडीच्या इतिहासात त्याला जागा देताना फार सावध राहायला हवे. पटियाळाच्या भूपिंदरसिंगांना हिटलरने मेबॅक भेट दिल्याची कथाही अशीच सर्वत्र सांगितली जाते. गाडी खरी आहे, पटियाळाशी तिचे नातेही खरे आहे. भेटीची हकिकत मात्र मुख्यतः सांगणाऱ्यांच्या बळावर उभी आहे.

आठवणींच्या बाजूनेही न्याय्य बोलायला हवे. कुठल्या सणाला गाडी बाहेर निघायची, इंजिन कुठे बोअर केले, कोणत्या साली ती गोठ्यात जाऊन पडली, हे कागद सांगत नाहीत. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधली मेबॅक दसऱ्याला दसरा चौकाकडे निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लोकांच्या आठवणी हाही त्या गाडीचा इतिहास आहे. माझे मत असे की आठवण कागदासोबत नोंदवावी, कुणी कधी सांगितली ते लिहावे, आणि पुराव्याच्या रकान्यात न घालता स्वतंत्र रकान्यात ठेवावी. मानवेंद्रसिंग बडवानी आणि मुंबईच्या इतिहासकार शारदा द्विवेदी यांच्या ‘द ऑटोमोबाइल्स ऑफ द महाराजाज’सारख्या ग्रंथांचे महत्त्व यासाठीही आहे की त्यांनी घराण्यांतली माहिती छापील रूपात आणली. छापलेली माहिती निदान तपासता तरी येते.

साखळी आणि कायदा

जुना मालक शोधणे हा कुतूहलाचा विषय वाटतो, पण चोरीची गाडी निघाली तर तो थेट कोर्टाचा विषय होतो. २००१ मध्ये मिलवॉकीतून १९३८ ची एक टॅल्बो-लागो चोरीला गेली. चोरांनी गाडीचे भाग नेले आणि सोबत तिचे कागदही नेले, म्हणजे साखळी जिथे सिद्ध होते नेमका तोच दुवा. गाडी युरोपात जाऊन परत अमेरिकेत विकली गेली आणि नव्या मालकाने नोंदणीचा अर्ज केला तेव्हा ती चोरीच्या यादीत सापडली. २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ चोरीला मुदत उलटून गेली असली तरी मागितल्यावर गाडी परत न देणे हे वेगळे बेकायदा कृत्य आहे, त्यामुळे वारसांचा दावा चालू शकतो. खरेदीदार निर्दोष असूनही अडकतो, हे यातले दुखणे.

युद्धातल्या गाड्यांचा प्रश्न आणखी जुना. १९४५ मध्ये जर्मनीतल्या एका कुटुंबाकडून नेलेली मर्सिडीज ५०० के २०११ मध्ये अमेरिकेत लिलावात विकली गेली. पुढच्याच वर्षी ती एसेनच्या प्रदर्शनात जर्मनीत आली आणि तिथे जप्त झाली. मधल्या पासष्ट वर्षांतले मालक शोधले गेले असते, तर तो लिलाव झालाच नसता.

नावे झाकावीत की उघडी ठेवावीत?

गेल्या तीसएक वर्षांत या क्षेत्राची खरी कोंडी इथे झाली आहे. अमेरिकेत १९८९ मध्ये अभिनेत्री रेबेका शेफर यांची हत्या झाली. मारेकऱ्याने त्यांचा पत्ता वाहन नोंदणीतून मिळवला होता. त्यानंतर १९९४ मध्ये वाहनमालकांची माहिती उघड करण्यावर निर्बंध घालणारा संघराज्याचा कायदा आला. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर लागू झाला, आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. या प्रत्येकामागे योग्य कारण आहे. जिवंत माणसाच्या दारापर्यंत अनोळखी माणूस पोचू नये, ही अपेक्षा गैर नाही.

पण मोटारीचा १९३५ चा मालक आज हयात नसतो. जीडीपीआरही मृतांच्या माहितीला लागू होत नाही. तरीही कार्यालये हयात आणि मृत मालक वेगळे करत बसत नाहीत, सरसकट नावे झाकतात. ‘वाहन’ पोर्टलवर आपल्याकडे आजच्या मालकाचे नावही अर्धे तारांकित दिसते, आणि जुन्या गाड्यांच्या कागदी नोंदी संगणकावर चढवताना चालू मालकापुरतीच माहिती भरली गेली तर आधीची सगळी नावे कागदी रजिस्टरातच राहतात. काही संशोधक ठराविक वर्षांनंतर नोंदी अभिलेखागाराकडे सोपवाव्यात असे सुचवतात, जनगणनेच्या कागदांना काही देशांत असा नियम आहे. किती वर्षे, यावर एकमत नाही. मला शंभर फार वाटतात. पन्नास वर्षे पुरेशी ठरावीत.

आपल्याकडची स्थिती

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली, मोठा फेरबदल न झालेली गाडी या वर्गात येते. नव्याने नोंदणी केल्यास तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठी रस्त्यावर येऊ शकते. अर्जासोबत विमा, आयात असेल तर बिल ऑफ एंट्री आणि आधी नोंदणी झालेली असेल तर जुने आरसी लागते.

पहिल्यांदाच सरकारने ‘मूळ स्वरूप’ हा शब्द कायद्याच्या भाषेत आणला, याचे स्वागत व्हायला हवे. मात्र मालकांच्या इतिहासाची मागणी या नियमांत नाही. शेवटचे आरसी पुरते. राज्य पातळीवरची समिती गाडी तपासते, आणि गाडीचा जन्म, हस्तांतरे, बदल यांची छोटी नोंद तिथेच लिहून घेणे सहज शक्य आहे.

अशी नोंद सक्तीची करण्याला दुसरी बाजूही आहे. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्याच्या आगेमागे कितीतरी संस्थानी गाड्या दलालांमार्फत विकल्या गेल्या, काही परदेशी गेल्या. तेव्हाचे व्यवहार अनेकदा रोखीचे आणि तोंडी होते. भंगारात गेलेल्या गाडीच्या आरसीवर दुसरी गाडी चालवणे हेही आपल्याकडे घडले आहे. सक्तीने इतिहास मागितला तर निष्पाप मालक अडचणीत येतील आणि खोट्या साखळ्या तयार होतील, अशी भीती संग्राहक बोलून दाखवतात. ती निराधार नाही. म्हणूनच तुटलेला दुवा ‘तुटलेला’ म्हणून लिहिण्याची मुभा हवी आणि त्यासाठी मालकाला शिक्षा नको. घाईने जोडलेल्या अखंड साखळीपेक्षा दोन ठिकाणी प्रामाणिकपणे रिकामी ठेवलेली साखळी मला अधिक विश्वासाची वाटते.

परत आलेल्या गाड्यांनीही नवा प्रश्न उभा केला आहे. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ मध्ये थ्रप अँड मॅबर्लीने बॉडी बांधलेली ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉईस १९६८ च्या सुमारास देशाबाहेर गेली आणि काही दशकांनी त्याच घराण्याने परत घेतली. तिच्या परदेशातल्या वर्षांचा इतिहास इथल्या वर्षांपेक्षा अधिक व्यवस्थित लिहिलेला आहे. कलकत्त्याच्या मॅथ्यूसन यांनी १९१० मध्ये लोस्टॉफ्टच्या ब्रुककडून करवून घेतलेली हंसाच्या आकाराची गाडी नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आज ती हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. तिची साखळी छोटी, पण पूर्ण आहे. हैदराबादच्या निजामाची १९१२ ची पिवळी सिल्व्हर घोस्ट मात्र आजही चौमहल्ला राजवाड्यातच पाहायला मिळते.

अजून न सुटलेले

क्रमांक, वस्तू आणि अखंडता यांतले कोणते प्रमाण मानायचे, हे आज लिलावगृह, क्लब आणि न्यायालय आपापल्या परीने ठरवतात. तिघांची उत्तरे एकच नसतात. २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेलेली मर्सिडीज ३०० एसएलआर तोपर्यंत तिच्या कारखान्याच्याच मालकीची होती, तिच्या साखळीत एकच दुवा होता. अशा गाडीपुढे हे सगळे वाद गप्प होतात. बाकी जवळपास प्रत्येक गाडीपुढे ते चालू राहतात. वेगवेगळ्या क्लबांच्या याद्या एकमेकांशी जुळवणारी एक सामाईक नोंदवही नाही, आणि ती कुणाच्या ताब्यात असावी यावरही सहमती नाही. मागचे मालक उघड करणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे की खरेदीदाराने स्वतः शोधावे, याचे उत्तर देशागणिक बदलते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर संस्थानांची दप्तरे विलीनीकरणानंतर वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली, आणि मोटारखान्याच्या हिशेबवह्या त्यांतच कुठेतरी आहेत. पेट्रोल, टायर, ड्रायव्हरचा पगार, मुंबईहून मागवलेले स्पेअर पार्ट, या नोंदींतून कोणती गाडी कुठल्या वर्षी कोणाकडे होती हे आपोआप कळते. मोडी वाचणारा आणि चासी नंबर ओळखणारा, अशी दोन माणसे एका टेबलावर बसली तर त्या वह्यांतून काय निघेल, हे अद्याप फारसे कुणी पाहिलेले नाही.